नग एक, वापरलेला, चालू

पंपांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे पावतीराव म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या जाळीच्या खिडकीतून चिठ्ठीशिवाय साधा वॉशरही बाहेर पडला नव्हता. एकदा खुद्द मालक आले. चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू कुठेतरी पडला होता. "एक दे रे पटकन," म्हणाले. पावतीरावांनी कोरी चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवलं. मालकांनी चष्म्याशिवाय, अंदाजानेच चिठ्ठी भरली. अक्षर लागत नाही म्हणून पावतीरावांनी ती परत दिली. मालक आधी चिडले, मग हसले, आणि पगारवाढीच्या वेळी म्हणाले, "असा एक माणूस दाराशी असला की मला शांत झोप लागते."

पुढे मालक गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. मुलाला झोपेचा काही त्रास नव्हता. त्याने सहा कपाटांचं एक यंत्र आणलं. कार्ड टेकवलं की हवा तो खण आपोआप पुढे यायचा आणि पडद्यावर 'धन्यवाद' अशी अक्षरं उमटायची. पावतीरावांनी सव्वीस वर्षांत कुणाला धन्यवाद म्हटलं नव्हतं. तुलनेत ते कमी पडणार हे उघडच होतं.

कर्मचारी विभागाच्या मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम वयाने त्यांच्या मुलीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग बातमी दिली. तीन महिन्यांचा पगार, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, सगळं मिळेल. फक्त हा नो-ड्यूज फॉर्म भरून आणा. सहा खाती, सहा सह्या. कुणाचं काही देणं नाही असं सहाही जणांनी लिहून दिलं की चेक तयार.

पावतीरावांनी पाच सह्या दुपारपर्यंत आणल्या. सहावी स्टोअरची होती. ते स्वतःच्या खिडकीशी गेले, आत जाऊन खुर्चीत बसले, स्वतःच्या नावावर घेतलेल्या वस्तूंचं नोंदकार्ड काढलं आणि वाचून थबकले. चौदा वर्षांपूर्वी दहा मीटरची मापाची टेप त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती. परतीचा रकाना कोरा होता.

"मॅडम, सही होत नाही," ते वर येऊन म्हणाले.

"कोण करत नाहीये सही?"

"मीच."

"अहो, फॉर्म तुमचा, सही तुमची. करून टाका की!"

"दुसऱ्या कुणाचा फॉर्म असता तर केली असती का मी? टेप बाहेर आहे."

मॅडमनी टेपची किंमत काढली. बाहेर नाक्यावर दोन चहा येतील एवढी. "मी भरते," म्हणाल्या. पावतीरावांनी मान हलवली. वस्तू हरवली हे सिद्ध झाल्याशिवाय किंमत घेता येत नव्हती, आणि टेप हरवलेली नव्हती, ती फक्त सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशीही ते रोजच्यासारखे कामावर गेले, कारण सही नव्हती तोवर ते नोकरीतच होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कपाटं उपसायला घेतली. बायको नुकतीच दातांच्या दवाखान्यातून आली होती. तिथे ती काउंटरवर बसायची, पेशंटची नावं लिहायची आणि घाबरलेल्यांना धीर द्यायची.

"अहो, काय शोधताय?"

"दहा मीटरची टेप. पडद्यांचं माप घ्यायला आणली होती बघ."

"ते पडदे? त्या पडद्यांची फडकी झाली आणि ती फडकीसुद्धा संपली."

"टेप संपत नाही."

"पण आजच काय अडलंय तिच्यावाचून?"

"टेप मिळाली नाही तर नोकरी जाणार नाही."

बायको हातातली पर्स तशीच धरून पलंगाच्या कडेला बसली. "जाणार नाही म्हणजे?"

"म्हणजे गेलीच आहे. टेपवाचून अडकलीय."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. सासूबाई म्हणजे बायकोची आई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते. "मग शोधता कशाला? हाताची घडी घालून गप्प बसा की! माझ्याकडेही शाळेचं एक डस्टर राहिलंय. मी नाही शोधलं."

टेप सासूबाईंच्याच ट्रंकेत निघाली. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला त्यांनी ती सुतळीसारखी गुंडाळून गाठ मारली होती. पावतीरावांनी गाठ सोडवली, टेप पुसली आणि दुसऱ्या दिवशी जमा केली. मग स्वतःच्या फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, स्टोअरला कुलूप लावलं, किल्ली मॅडमच्या हातात दिली आणि किल्लीची पावती घेतली.

चेक मात्र तयार नव्हता. अजून अकरा जणांना कमी करायचं होतं. सगळ्यांचे चेक एकदमच निघतील, महिनाभर लागेल, असं मॅडम म्हणाल्या.

घरात आता बायकोचा पगार होता, सासूबाईंची पेन्शन होती, आणि बँकेत जेमतेम दोन महिने ढकलता येतील एवढी पुंजी होती. समोर घराच्या कर्जाचा हप्ता आ वासून उभा होता. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची फी तोंडावर आली होती. किल्ली दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पावतीराव बूट घालून खिडकीशी उभे राहिले. कारखान्याची बस आली, सवयीने थांबली, आणि गेली. मग त्यांनी बूट काढले आणि घरातल्या मालाची मोजदाद सुरू केली.

संध्याकाळपर्यंत अहवाल तयार झाला. अंगाचे साबण सत्तावीस. कंगवे एकोणीस, पैकी दात पूर्ण असलेले सहा. डांबरगोळ्या अडीच किलो, त्या कुणी आणि कशासाठी आणल्या ते कुणालाच सांगता येईना. दवाखान्यातून फुकट आलेले टूथब्रश त्रेपन्न. कागद वाचून पावतीरावांनी जाहीर केलं, "दात आपण अकरा वर्षं घासू शकतो."

"आणि खाणार काय?" सासूबाईंनी विचारलं. "ब्रश?"

दुसऱ्या दिवसापासून घरात चिठ्ठीची पद्धत सुरू झाली. साखर, तेल, साबण, चहाची पूड, सगळं एका कपाटात गेलं. वस्तू हवी तर चिठ्ठी भरायची. काय हवं, किती हवं, कशासाठी. सासूबाईंची पहिलीच चिठ्ठी परत आली. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'माझी मर्जी' असं लिहिलं होतं. मुलीची चिठ्ठी मंजूर झाली, पण तिने शाम्पूच्या पुढे लिहिलेल्या एकाचे अकरा केल्याचं दुसऱ्या नजरेत पकडलं गेलं. बायको निमूटपणे चिठ्ठ्या भरत राहिली. दवाखान्यात रोज ती माणसांना 'दुखणार नाही' असं सांगायची. तशी तिला वेदनेची पारख होती.

आठवडाभरात सासूबाईंनी पलंगाखाली समांतर दुकान उघडलं. पेन्शनमधून साखरेची पुडी आणायची, आणि चिठ्ठी नाकारलेल्याला गुपचूप द्यायची. पहिलं गिऱ्हाईक नात. दुसरी त्यांची स्वतःची मुलगी. तिसरं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द पावतीराव निघाले. त्या दिवशीचा साखरेचा कोटा संपला होता आणि नियम मोडून कपाट उघडणं त्यांना जमेना.

"एक चमचा," ते पलंगापाशी वाकून म्हणाले.

"कारण?" सासूबाईंनी विचारलं.

एका रात्री जेवणं झाल्यावर बायकोने त्यांना कपाटापुढे बसलेलं पाहिलं. साबण पुन्हा मोजत होते. "अहो, सकाळीच मोजलेत ना?"

"मोजत असताना भीती वाटत नाही गं," ते म्हणाले. "थांबलो की वाटते."

ती त्यांच्याशेजारी खाली बसली. "मग साबण काय मोजता? ज्याची भीती वाटते ते मोजू या," म्हणाली, आणि कर्जाचे कागद घेऊन आली. त्या रात्री दोघांनी मिळून पहिल्यांदा नीट पाहिलं की महिन्याला नेमके किती लागतात, त्यातलं काय टळतं आणि काय टळत नाही. विम्याचा हप्ता चुकवायचा नाही. कुणी न बघणारी टीव्हीची तीन पॅकेजं बंद करायची. फी दोन टप्प्यांत घ्याल का, हे मुलीनेच कॉलेजात विचारायचं. आणि हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन सरळ सांगायचं. बुडायला लागल्यावर हाक मारण्यात अर्थ नाही.

बँकेतला कर्जाचा अधिकारी तरुण होता आणि त्याच्या टेबलावर पेढीच्या वह्यांएवढा कागदांचा ढीग होता. पावतीरावांनी सगळं खरं सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चेहरा कोरा केला.

"पण तुमचा एकही हप्ता थकलेला नाही."

"थकू नये म्हणूनच आलोय."

"सवलत थकलेल्यांना असते. थकलाच नाही तर सवलत कशाची देऊ?"

"म्हणजे आधी थकवू?"

"असं मी म्हणू शकत नाही."

"मग काय म्हणू शकता?"

त्याने डोकं खाजवलं. "तीन हप्ते थकवून आलात की या, असं... नाही, हेही नाही म्हणू शकत."

"जे म्हणू शकत नाही ते लिहून द्या," पावतीराव म्हणाले आणि खिशातून कोरा कागद काढून पुढे सरकवला. तो कागद पाहून अधिकारी जागचा उठला आणि मॅनेजरकडे गेला. तासाभराने मॅनेजरबाई स्वतः आल्या. "हप्ता थकण्याआधी येणारा माणूस मी या शाखेत पहिल्यांदाच बघतेय," म्हणाल्या, आणि पावतीराव खरे आहेत की नाही हे तपासावं तसं त्यांना निरखलं. सहा महिने नुसतं व्याज भरायचं, असं ठरलं. तसा अर्ज नव्हता, म्हणून त्यांनी वाहनकर्जाच्या अर्जावर 'वाहन' खोडून 'घर' लिहिलं.

पाचव्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. आवाज रडवेला होता. "काका, जरा येऊन जाता का? फक्त सह्या करायला."

पावतीराव गेले. स्टोअरबाहेरच्या बाकावर अकरा जण बसले होते. टर्नर, दोन फिटर, रंगारी, कँटीनचा आचारी, आणखी सहा. सगळ्यांना काढलं होतं आणि कुणालाच जाता येत नव्हतं. प्रत्येकाच्या फॉर्मवर पाच सह्या होत्या, सहावा चौकोन कोरा. स्टोअरकीपरलाच सगळ्यांत आधी काढलेलं होतं.

"कपाटाला सही करता येत नाही?" पावतीरावांनी विचारलं.

"कंपनीला विचारलं. पुढच्या मॉडेलमध्ये येईल म्हणाले."

"मग सहावा चौकोन काढून टाका."

"फॉर्म बदलायला सहाही खात्यांची संमती लागते. स्टोअरचीसुद्धा." मॅडम खुर्चीत टेकल्या. "काका, तुमचाही चेक याच गठ्ठ्यात अडकलाय."

टर्नर उठून आला. आडदांड माणूस, पण हात जोडले त्याने. "पावतीराव, मारा ना सह्या. कुणाला कळतंय? पोरीची फी भरायचीय हो."

पावतीरावांनाही फी भरायची होती. पेन खिशातच होतं. पण बाहेरच्या माणसाची सही उद्या हिशेबतपासनीसाने धरली तर अकराच्या अकरा चेक परत मागितले जातील, हे त्यांना ठाऊक होतं. "मारतो," ते म्हणाले, "पण आधी मला रीतसर आत घ्या."

ते सोपं नव्हतं. स्टोअरकीपर ही जागाच रद्द झाली होती. नवीन भरती बंद होती. तात्पुरत्या मजुरांचा पैसा संपला होता. मॅडमनी आणि मालकाच्या मुलाने संध्याकाळपर्यंत खल केला. शेवटी पैसे उरलेलं एकच खातं सापडलं, ते म्हणजे 'सुटे भाग'.

अशा रीतीने कारखान्याने पावतीरावांची खरेदी-ऑर्डर काढली. माल, स्टोअरकीपर. नग, एक. दर, प्रतिदिन, जुन्या पगाराच्या दिवसाला पडतील त्याच्या तिप्पट, कारण सुट्या भागाला तेवढा भाव जातोच. तीन ठिकाणचे भाव मागवायचा नियम होता. त्याच्यापुढे 'इतरत्र उपलब्ध नाही' असा शेरा मारावा लागला. वॉरंटीचा रकाना पावतीरावांनी घरी आणून बायकोला दाखवला.

"कोरा सोडा," ती म्हणाली. "मी घेतला तेव्हाही नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माणसांच्या दाराने आत जायला लागले, तेव्हा पहारेकऱ्याने अडवलं. ऑर्डर मालाची होती, माल मागच्या दाराने येतो आणि त्याचं वजन होतं. पावतीरावांना त्याचं म्हणणं पटलं. ते मागून गेले आणि ट्रकच्या काट्यावर उभे राहिले. तो काटा वीस-वीस किलोंनी हलायचा. साठ भरले. घरी ते अडुसष्ट भरायचे. आठ किलोंची तूट त्यांनी चलनावर लिहून घेतली.

आलेला माल तपासून ताब्यात घ्यायचं काम स्टोअरकीपरचं. पावतीरावांनी जुन्या खुर्चीत बसून मालपावती काढली आणि स्वतःकडे पाहिलं. दोन्ही हात समोर धरले. बोटं एकेक करून मिटून उघडली. 'स्थिती' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं, 'वापरलेला, चालू.' सही केली, आणि खिडकी उघडून पहिल्याला हाक मारली.

दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, दिवसाचे पैसे आहेत ना? मग जरा सावकाश. दिवसाला एक सही केलीत तरी कुणी विचारणार नाही. अकरा दिवस निघतील."

पावतीरावांनी मनातल्या मनात गुणाकार केला. हप्ता निघत होता, फी निघत होती, वर थोडं उरत होतं. त्यांनी खिडकीतून बाकाकडे पाहिलं. रंगारी बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं. आचारी डब्यातलं अर्धं दुसऱ्याला देत होता. "बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढचं कार्ड काढलं.

कार्डांवर काय काय निघालं! आचाऱ्याच्या नावावर एक शिडी होती. ती कँटीनमध्ये फळी म्हणून आडवी लावलेली होती आणि तिच्यावर बरण्या उभ्या होत्या. एका फिटरच्या नावावर हातोडी होती, दांडा होता, डोकं नव्हतं. टर्नरच्या नावावर चक्क एक टर्नर निघाला. मागे दुसऱ्या खात्यात उसना दिलेला मदतनीस टर्नर चुकून त्याच्या कार्डावर चढला होता आणि उतरवायचा राहिला होता. तो मदतनीस केव्हाच दुसऱ्या गावी निघून गेला होता. पावतीरावांनी त्याला फोन लावला, तो सुखरूप असल्याची खात्री केली आणि 'परत मिळाला' अशी नोंद केली.

एकाही वस्तूला त्यांनी सूट दिली नाही, आणि एकाही माणसाला ताटकळत ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता अकरावी सही झाली. मॅडम एक कागद घेऊन आल्या. सुटा भाग होता, तो एकतर खपला दाखवायचा, नाहीतर परत पाठवला दाखवायचा. "काय लिहू, काका?"

"परत," पावतीराव म्हणाले. "खपलेलो नाही अजून."

आठवड्याने सगळ्यांचे चेक आले. घरी दोन दिवसांच्या मजुरीवरून बायको अर्धा दिवस फुरंगटली. नऊ दिवस तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. मग ती म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही तसे असतात तर आईनेच मला तुमच्याशी लग्न करू दिलं नसतं."

"मी तर तसंही नको म्हणत होते," आतून आवाज आला.

मोठा चेक मात्र बायकोने ताब्यात घेतला. सगळं कर्ज एकदम फेडून मोकळे होऊ या, हा पावतीरावांचा विचार तिने मोडून काढला. "कर्ज नसलेल्या घरात उपाशी बसायचं का?" सहा महिन्यांचा खर्च तिने वेगळा काढला, बाकीचा मुदतठेवीत टाकला. घरातल्या चिठ्ठ्या कुणी बंद केल्या नाहीत. छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपला आणि नवा छापायचा खर्च बायकोने नामंजूर केला, एवढंच.

मधल्या काळात पावतीराव सात ठिकाणी मुलाखतीला गेले. एका ठिकाणी पोरगेल्या साहेबाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" "निवृत्त," असं खरं उत्तर त्यांनी दिलं, आणि तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही. आठवं काम टर्नरने आणलं. त्याच्या मेहुण्याचा खुर्च्या, टेबलं आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा होता. गेलेला माल परत येत नाही, अशी त्याची तक्रार होती. पगार जुन्याच्या दोन तृतीयांश. पावतीराव लगेच हो म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी गोदाम मोजलं. वहीत खुर्च्या चारशे पन्नास. गोदामात सहाशे बारा.

"कमी आहेत ना?" मेहुण्याने काळजीने विचारलं.

"एकशे बासष्ट जास्त आहेत. या आपल्या नाहीत. मांडवांतून दुसऱ्यांच्या मिसळून आल्यात."

मेहुण्याचा चेहरा उजळला. तो मिठी मारणार तेवढ्यात पावतीरावांनी टेम्पोची किल्ली मागितली. दुसऱ्या दिवसापासून ते गावभर फिरायला लागले. कुणाच्या पाठीवर लाल पट्टा, कुणाच्या पायाला निळा ठिपका, अशा खुणांवरून धंद्यातल्या इतरांना शोधून त्यांच्या खुर्च्या परत द्यायच्या. लोक दार उघडायला कचरत. हरवल्याचं ज्यांना माहीतच नव्हतं, ते खुर्ची परत घ्यायला घाबरत, यामागे काहीतरी डाव असणार म्हणून. बाजाराच्या टोकाच्या एका दुकानदाराने तर शपथेवर सांगितलं की या चौदा खुर्च्या त्याच्या नाहीत. पावतीरावांनी एक खुर्ची उलटी करून खाली कोरलेलं त्याचंच नाव दाखवलं. तो हटून बसला. नाव सारखं असू शकतं म्हणाला.

"ठीक आहे," पावतीराव म्हणाले. "तुमच्या नाहीत, आमच्या नाहीत. मग मी यातल्या एकीवर बसतो. माझे पाय दुखतायत."

दुकानदारही दुसऱ्या खुर्चीवर टेकला, मग उठला आणि दुकानातल्या पोराला न पाठवता स्वतःच आत जाऊन दोन चहा घेऊन आला.